बारमाही टायर

गाडी वीतभर पुढे घसरली, एवढंच झालं. जुम्हूरियत रस्त्यावरच्या सिग्नलला नेरिमाननं वेळेवर ब्रेक दाबला होता, वेगही बेताचाच होता. पुढून एक म्हातारी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन रस्ता ओलांडत होती, आणि गाडी थांबली असं वाटल्यानंतर आणखी वीतभर सरकली. आवाज झाला नाही. म्हातारीला कळलंही नाही, ती आपली पलीकडच्या फुटपाथवर चढून बेकरीच्या रांगेत उभी राहिली. शेजारी बसलेल्या लुत्फी मास्तरांचा उजवा पाय मात्र नसलेल्या ब्रेकवर दाबला गेला होता, आणि सिग्नल हिरवा झाला तरी तो उचलेना. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. रात्री पडलेला पाऊस पहाटे रस्त्यावरच गोठला होता आणि वर चकचकीत, निरुपद्रवी दिसत होता. एर्झुरुममध्ये दरवर्षी अशी एक सकाळ येते, कुणाची ना कुणाची गाडी पहिल्यांदा घसरते आणि दुपारपर्यंत अर्ध्या शहराला टायरांची आठवण होते. नेरिमाननं गाडी पुढे काढली, दोन चौक पार केले. मग म्हणाली की अजून उन्हाळीच टायर आहेत, गेल्या महिन्यात ज्यानं ही गाडी विकली त्यानं तेच दिले होते, आता आजच्या आज बघायला हवं, सोमवारपासून तिची बदली घाटापलीकडच्या गावातल्या आरोग्य केंद्रात आहे, रोज किरेचली घाट ओलांडायचा आहे. बाबांनी बरोबर यावं, टायरवाला झिहनी उस्ताद त्यांच्या ओळखीचा आहे. मास्तर हो म्हणाले. गुडघा दुखतोय असं म्हणता आलं असतं. गुडघा दुखतही होता.

अडीच वर्षांत त्या घरात टायर हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. ठरवून नव्हे. सांडलेल्या तेलाला वळसा घालून चालावं तसे दोघं त्या शब्दाला वळसा घालून चालत होते, आणि वळसा घालायची इतकी सवय झाली होती की मधे काय सांडलंय हे बघायची वेळच येत नव्हती. मास्तरांना वाटायचं, असंच चालेल. मुलीची आई मुनव्वर जाऊन अकरा वर्षं झाली, तिच्याबद्दल ते दोघं मोकळेपणी बोलत, तिच्यासारखी भात भरलेली द्राक्षाची पानं कुणाच्या हातची होत नाहीत असं दर रविवारी म्हणत. तुंजायबद्दल मात्र नाही. तुंजाय म्हणजे नेरिमानचा नवरा, बायबुर्टला गुरांचा डॉक्टर होता. मार्चअखेरच्या एका दुपारी एर्झुरुमहून बायबुर्टला परतताना कोप घाटातल्या तिसऱ्या वळणावर त्याची गाडी कठडा तोडून खाली गेली. गाडीत तो एकटाच होता. पोलिसांच्या पंचनाम्यात शेवटी एक ओळ होती, की वाहनास हिवाळी टायर नव्हते, चारही ऋतूंत चालणारे होते. नेरिमाननं ती ओळ वाचली, कागदाची घडी घातली आणि त्यानंतर ती नवऱ्यासाठी रडताना मास्तरांना कधी दिसली नाही. बायबुर्टचं बिऱ्हाड आवरून ती बापाकडे आली, नर्स म्हणून इथल्या इस्पितळात बदली मिळवली, बसनं जाऊ-येऊ लागली. सांत्वनाला आलेल्या बायकांना चहा देताना ती म्हणायची, हट्टी माणूस होता. बायकांना ते जिव्हाळ्याचं वाटायचं. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या मास्तरांना त्यातला कडकपणा ऐकू यायचा, आणि ते पाण्याचा पेला भरायला मागे वळायचे.

गॅरेजांच्या वस्तीत दुतर्फा गाड्यांची रांग लागली होती. रबराचा, जळक्या तेलाचा आणि पत्र्याच्या शेगडीतल्या कोळशाचा वास एकत्र होऊन नाकाशी आला तसं मास्तरांना आपलं तळघर आठवलं. आठवलं म्हणजे आतून वर आलं. त्यांच्या इमारतीत प्रत्येक बिऱ्हाडाला पूर्वीच्या काळची कोळशाची एक खोली होती, जमिनीखाली आठ पायऱ्या उतरून. घरोघर गॅसची नळी आल्यापासून त्या खोल्या रिकाम्या पडल्या. बायबुर्टच्या बिऱ्हाडाला जागा नव्हती म्हणून तुंजाय आणि नेरिमान वर्षातून दोनदा, नोव्हेंबरात आणि एप्रिलमध्ये, टायर बदलायला इथे यायचे. मास्तरांच्या तळघरातले चार मागच्या सीटवर घालून झिहनीकडे बसवायचे आणि उतरवलेले चार तळघरात परत आणून ठेवायचे. तुंजाय एकेक टायर छातीशी धरून शीळ घालत पायऱ्या उतरायचा, एकावर एक रचून वर मुनव्वरची जुनी चादर टाकायचा. हिवाळी टायराच्या रबरावर तो अंगठा दाबून दाखवायचा. म्हणायचा, बघा बाबा, मऊ आहे, गाईच्या नाकासारखं, थंडीतही मऊ राहतं म्हणून तर ते रस्ता धरतं. मग वर येऊन तो खिडकीजवळच्या मुनव्वरच्या खुर्चीत बसायचा, साखरेचा खडा दातांत धरून मोठ्यानं चहा ओढायचा, आणि गाईच्या पोटात वासरू आडवं आलं की कसं फिरवावं लागतं ते जेवता जेवता सांगायचा. दोन रात्री राहायचा. त्याचं काहीच चुकत नव्हतं. एखादा माणूस नावडायला कारण लागतंच असं नाही, आणि कारण नसलं की ते नावडणं जास्त टिकतं, कारण दूर करायला काही हातीच लागत नाही. मास्तर त्या खुर्चीकडे बघायचे आणि मनात दिवस मोजायचे. नेरिमान यावी असं त्यांना वाटायचं. टायर येऊ नयेत असं वाटायचं. या दोन वाटण्यांच्या मधे तुंजाय शीळ घालत उभा असायचा.

झिहनी उस्तादनं त्यांना आत शेगडीजवळ बसवलं. पन्नाशीचा, खांद्यांनी रुंद माणूस. हाताच्या रेघांमधलं काळं कुठल्याच साबणानं जाणार नाही असं. एकेकाळी तो मास्तरांच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा. येणाऱ्या गिऱ्हाइकाला तो दरवर्षी सांगे की हे भूगोलाचे मास्तर, यांनी मला नापास केलं म्हणून मी टायरात आलो आणि यांच्या दुप्पट कमवतो. आजही त्यानं ते सांगितलं. शेगडीजवळ ताटकळलेली दोन माणसं हसली, मास्तरही हसले. चौतीस वर्षं त्यांनी नकाशावर काठी टेकवून पोरांना सांगितलं होतं की आपलं पठार समुद्रापासून इतकं उंच, डोंगरांची भिंत अशी, म्हणून हिवाळा सहा महिने, म्हणून मार्चमध्येही बर्फ, म्हणून एप्रिलवर विश्वास ठेवू नये. शहरातली निम्मी माणसं ते वाक्य पाठ करून मोठी झाली होती. तुंजाय इझमीरकडचा, समुद्राकाठचा. त्याला हा हिवाळा माहीत नव्हता. ज्याला माहीत नव्हतं त्यानं ज्याला माहीत होतं त्याला विचारलं. यात काय चूक होती?

नेरिमान काउंटरशी उभी राहून नेमके प्रश्न विचारत होती, जसे ती रुग्णाच्या नातेवाइकांना विचारत असेल. घाट रोजचा, सकाळी सातला जायचं, संध्याकाळी पाचला यायचं, उन्हाळ्यातही तोच रस्ता. मग दोन जोड घ्यावेत की वर्षभर एकच चालेल असं काही आहे? झिहनीनं तिला खरं तेच सांगितलं, ओढूनताणून विकायला बघितलं नाही. तो म्हणाला, सात अंशांच्या खाली पारा गेला की उन्हाळी रबराचं लाकूड होतं, नक्षी कितीही खोल असो. हिवाळी रबर उलट, मेमध्ये डांबरावर लोण्यासारखं झिजतं. बारमाही म्हणजे या दोघांची तडजोड. बाजूवर डोंगर आणि त्यात हिमाचं फूल अशी खूण असलेले बारमाही घेतले तर शहरातल्या शहरात तो स्वतःच्या बायकोलाही देईल, दिलेतही. नुसती अक्षरं छापलेले घेऊ नयेत, ती चिखलाची खूण, बर्फाची नव्हे. टायर कुठल्या साली, कुठल्या आठवड्यात निघाला ते चार आकडे बाजूला कोरलेले असतात, ते वाचावेत. दुकानात चार वर्षं पडून राहिलेलं नवं रबर नवं नसतं. एवढं सांगून त्यानं भिंतीला टेकलेल्या टायरावर तळहात ठेवला.

"पण ताई, रोज घाट म्हणता ना, मग बारमाही नको. एक ना धड भाराभर चिंध्या. दोन जोड घ्या. वर्षातून दोनदा माझं तोंड बघावं लागेल, एवढाच तोटा."

शेगडीजवळचा एक जण म्हणाला की त्याचा मेहुणा सहा हिवाळे बारमाहीवर काढतोय, काही झालेलं नाही. झिहनी म्हणाला, काही होत नाही तोवर सगळेच टायर चांगले असतात. पुन्हा हशा झाला. मास्तरांनी साखरेचा खडा दातांत धरला होता, तो तसाच विरघळत गेला, चहा प्यायचं राहून गेलं. त्यांना अपघाताआधीची ती नोव्हेंबरातली दुपार दिसत होती. नेरिमानला ड्यूटी होती, तुंजाय एकटाच आला होता. तळघरातला चाळीसचा दिवा. जुने हिवाळी टायर झिजले होते, तुंजाय उकिडवा बसून नाण्यानं खाचेची खोली बघत होता. मास्तरांची कंबर दोन दिवस धरली होती, तरी ते खाली उतरले होते, कारण जावई एकटा वजन उचलतोय हे बरं दिसलं नसतं. तुंजायनं वर न बघता विचारलं, बाबा, लोक म्हणतात आता बारमाही चांगले निघालेत, तुम्ही काय म्हणता, इथला हिवाळा तुम्हाला माहीत. विचारताना त्याच्या आवाजात खरा प्रश्न होता. आदर दाखवण्यापुरता नव्हता. हेच मास्तरांना पुढे कितीदा आठवलं. तो उत्तराप्रमाणे वागणार होता. आणि मास्तरांनी उत्तर दिलं. भाजीवाल्याकडे टोमॅटो निवडायलाही त्याहून जास्त वेळ लागतो.

ते उत्तर त्यांनी नंतर अनेक परींनी धुऊन पाहिलं होतं. कोप घाटाखालचा बोगदा वर्षा-दोन वर्षांत होईल असं तेव्हा सगळे म्हणत, मग घाटाचा प्रश्न राहणार नव्हता, हे त्यांच्या मनात असणार. तुंजायच्या ऑफिसातल्या दोघातिघांच्या गाड्यांना बारमाहीच होते. डोंगर आणि फुलाची खूण असलेले घे, असंही आपण म्हणालो असू, असं त्यांना कधीकधी जवळजवळ आठवायचं. जवळजवळच. ती खूण अशी काही असते हे त्यांना अपघातानंतर कळलं होतं, तेही रेडिओवरून.

काउंटरशी उभ्या नेरिमाननं त्या टायराच्या नक्षीवर बोट फिरवलं. मग ती झिहनीला म्हणाली, अगदी साध्या आवाजात, की तिच्या नवऱ्याच्या गाडीला बारमाही होते. तो कोपवरून खाली गेला. झिहनीला ते ठाऊक होतं. शहरात कुणाला ठाऊक नव्हतं? त्यानं पुसायचं फडकं हातातून खाली ठेवलं. म्हणाला की ताई, त्या दिवशी घाटात काळा बर्फ होता म्हणतात, डांबरावर काच पसरावी तसा. तसल्या बर्फावर कुठलंच रबर धरत नाही. हिवाळीसुद्धा नाही. मी टायरवाला असून सांगतोय, ते टायरामुळेच झालं असं कुणी म्हणू नये.

मास्तरांनी हे ऐकलं आणि ते बाकावर मागे टेकून बसले. हे वाक्य इतकी वर्षं कुठे होतं? इतक्या जवळ, शहराच्या या टोकाला, आपल्याच एका नापास विद्यार्थ्याच्या तोंडात. कुठलंच रबर नाही. म्हणजे कुणी काहीही सांगितलं असतं, कुणी काहीही ऐकलं असतं, तरी ते तिसरं वळण तिथेच होतं. त्यांनी चहाचा घोट घेतला. चहा गार झाला होता, तरी गोड लागला. क्षणभर त्यांना असंही वाटलं की आता टायर घ्यावेत, घरी जावं, वाटेत नेरिमानसाठी गरम चेस्टनट घ्यावेत, आणि हे सगळं इथेच शेगडीजवळ ठेवून जावं.

पण नेरिमान बोलतच राहिली, आणि झिहनीकडे न बघता, त्या टायराच्या नक्षीकडे बघत बोलत राहिली. ती म्हणाली की बर्फ काळा होता की पांढरा हे तिला माहीत नाही. तिला एवढं माहीत आहे की बायबुर्टलाच ते टायर बसवून तो घरी आला तेव्हा ती त्याला म्हणाली होती की आठवड्यातून दोनदा कोप ओलांडणारा माणूस बारमाही घेतो, तुला अक्कल आहे का. आणि तो हसला.

"मी विचारलं, तुला हे कुणी सांगितलं? तर म्हणाला, कुणी कशाला सांगायला हवं, माझी गाडी, माझं डोकं, मला वाटलं म्हणून घेतले. आठ दिवस मी त्याच्याशी बोलले नाही, उस्ताद. त्यानं एकदासुद्धा म्हटलं नाही की चुकलं. शेवटपर्यंत, मला वाटलं म्हणून."

मास्तरांनी हातातला पेला बशीवर ठेवला. त्यांना आजवर वाटत आलं होतं की तुंजायनं ते सांगितलं नाही कारण सांगण्याजोगं काही नव्हतंच, कुठल्यातरी दुपारचं सासऱ्याचं एक वाक्य, विसरून गेला असेल. विसरला नव्हता. त्याला विचारलं गेलं होतं. समोर उभं राहून, रागानं, नाव मागितलं गेलं होतं, आणि त्यानं ते नाव दिलं नव्हतं. आठ दिवस बायकोचा अबोला सोसला, पण नेरिमानचा बाप नेरिमानच्या नजरेतून उतरू नये म्हणून ते स्वतःच्या डोक्यावर घेतलं. त्या खुर्चीत बसून मोठ्यानं चहा ओढणाऱ्या माणसानं. जानेवारीत तो आला होता तेव्हाही काही बोलला नव्हता. मास्तरांनी विचारलं होतं, कसे आहेत नवे टायर? झकास आहेत बाबा, तो म्हणाला होता, तुमचं बरोबर होतं, त्रास वाचला. त्याच वेळी तो घरी त्यांच्यापायी बोलणी खात होता. मास्तरांना आपण त्या दिवशी काय केलं ते आठवलं. त्यांनी समाधानानं मान हलवली होती.

ते उठले. शेगडीजवळची माणसं त्यांच्याकडे बघू लागली, कारण म्हातारा माणूस उठताना काही धरतो आणि मास्तरांनी काही धरलं नव्हतं.

"नेरिमान," ते म्हणाले. "त्याला मी सांगितलं होतं."

तिनं वळून पाहिलं. झिहनीनं फडकं उचललं आणि पुन्हा ठेवलं. मग तो बाहेर जाऊन एका गाडीखाली जॅक लावू लागला, आणि जाताना त्या दोन माणसांनाही बाहेर घेऊन गेला. आत शेगडीचा आवाज तेवढा राहिला. नेरिमाननं विचारलं, काय सांगितलं होतं. रागावून नाही. नर्स विचारते तसं, केव्हापासून, किती वेळा. नेमके शब्द काय होते, असं तिनं विचारलं. आणि मास्तरांना नेमके शब्द माहीत होते. त्यांनी ते धुतलेले, घासलेले सगळे पाठ बाजूला ठेवून मूळचा सांगितला.

"म्हणालो, बारमाही घे. वर्षातून दोनदा हा उपद्व्याप कशाला. माझ्या तळघरात आता पाय ठेवायला जागा नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

ती विचार करत होती. तिच्या कपाळावर मुनव्वरसारखी एक उभी रेघ उमटली.

"तळघर कशाला हवं होतं तुम्हाला? काय ठेवायचं होतं तिथे?"

"काही नाही."

"आता काय आहे तिथे?"

"काही नाही," मास्तर म्हणाले.

तिनं मान हलवली, जणू एवढंच विचारायचं होतं. मग ती दाराशी गेली आणि झिहनीला हाक मारून म्हणाली की हिवाळी बसवा, चांगले, यंदाच निघालेले. पाऊण तास लागला. गाडी वर उचलली गेली, चाकं निघाली, पान्याचा कर्कश आवाज चारदा झाला. मास्तर बाकावर बसून होते आणि ती दारात पाठमोरी उभी होती. तिच्या कोटाच्या पाठीवर शेगडीजवळ टेकल्याची राख लागली होती. एरवी त्यांनी उठून झटकली असती. झिहनीनं उतरवलेले चार उन्हाळी टायर एकावर एक रचले आणि सवयीनं विचारलं की हे गाडीत टाकू की इथेच ठेवायचे. भाडं घेऊन तो वसंतापर्यंत सांभाळतो, पण मास्तरांचं तर तळघर आहे.

"इथेच ठेवा," नेरिमान म्हणाली. "आमच्याकडे जागा नाही."

रविवारी सकाळी ती उठली तेव्हा बर्फ पडून थांबला होता. कुठे जातेस असं विचारायला मास्तरांनी तोंड उघडलं, पण ती बूट घालत होती आणि तिनं वर बघितलं नाही. गाडीचा आवाज कोपऱ्यावरून पश्चिमेला वळला तेव्हा त्यांना कळलं. पश्चिमेला बायबुर्ट. तुंजायला त्याच्या माणसांनी इझमीरला न्यायचं म्हटलं होतं, पण त्यानंच कधीतरी गमतीत म्हटलं होतं की मला माझ्या गाईंजवळ पुरा. म्हणून तो बायबुर्टच्या टेकडीवरच होता, आणि नेरिमान पुरण्याच्या दिवसानंतर तिथे एकदाही गेली नव्हती. मास्तर एकदा गेले होते, बसनं, कुणाला न सांगता. थडग्याशी पाच मिनिटं उभे राहिले होते आणि फातिहाची दुआ म्हणताना मधेच शब्द विसरले होते. आता ते रेडिओ लावून बसले. कोपवर नवा बर्फ, चाकांना साखळ्या बांधल्याशिवाय ट्रक सोडत नाहीत, लहान गाड्यांनी सावकाश जावं. अकरा वाजले. बारा वाजले. नवं रबर मऊ आहे, ते स्वतःला सांगत होते. यंदाचंच आहे, चार आकडे आपण स्वतः वाचले. मग दुसरं मन म्हणायचं, काळ्या बर्फावर कुठलंच नाही. परवा ज्या वाक्यानं त्यांना सोडवलं होतं तेच आता गळ्याशी आलं होतं. एकाच गोष्टीला दोन टोकं असतात, हे त्यांनी पोरांना नद्यांबद्दल शिकवलं होतं, वाक्यांबद्दल नाही. मुनव्वरच्या खुर्चीत ते बसू शकले नाहीत. ती खुर्ची त्यांना आता मुनव्वरची वाटेना.

ती चार वाजता आली. मास्तरांनी सूप गरम करून ठेवलं होतं, दह्याचं, वर वाळका पुदिना घातलेलं. ती कोट न काढताच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. तिची बोटं लाल झाली होती, दोन ठिकाणी कातडी फाटली होती. तिनं वाटी दोन्ही हातांत धरली, आणि म्हणाली की थडग्यावर गुडघाभर बर्फ होता, फावडं कुणाकडे मागायला जायचं, म्हणून हातानंच काढला. मास्तर समोरच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. बसावं की नाही ते त्यांना कळत नव्हतं.

"अडीच वर्षं मी त्याला मनात काय काय बोलले," ती म्हणाली. "ते सगळं परत घ्यायला गेले होते. पण एका दिवसात होत नाही ते, बाबा. खूप आहे."

मग तिनं चमचा उचलला. अर्धी वाटी संपवली. मास्तरांनी आणखी वाढायला पळी उचलली, तर तिनं वाटीवर हात ठेवला.

"तुम्हाला मी अजून काही बोलले नाहीये," ती म्हणाली. "बोलेन. पण आज दमलेय."

सोमवारी ती गेली, आणि बुधवारी सांगितलं की आरोग्य केंद्रामागे कर्मचाऱ्यांसाठी एक खोली आहे, हिवाळाभर ती तिथेच राहणार, रोजचा घाट नको. म्हणजे ते टायर घ्यायचं कारणही उरलं नव्हतं. तिनं दोन पिशव्या भरल्या. मास्तरांनी पुदिना बांधून दिला, तो तिनं घेतला. महिन्यातून एका शनिवारी ती यायची, औषधांच्या गोळ्या डबीत वारांप्रमाणे लावून ठेवायची, रक्तदाब बघायची, पडदे धुवायची, आणि उजेड आहे तोवर निघायची. बोलायची ते सगळं आदरानं, पुरेसं आणि स्वच्छ. गावातल्या बायकांबद्दल, जुळ्या वासरांबद्दलही एकदा बोलली. मास्तर तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. दर वेळी तिनं कोट चढवला की त्यांना वाटायचं, आता. दारात ती थांबायची, हातमोजे घालायची. आणि म्हणायची, येते.

घाट ओलांडून पलीकडे उतरली की ती फोनवर एक शब्द पाठवायची. पोचले. त्यापुढे बाबा नव्हतं, काही नव्हतं. पहिल्या वेळी त्यांनी उत्तरात बरं असं लिहिलं, पुसलं, नीट झोप असं लिहिलं, तेही पुसलं. जानेवारीतल्या शनिवारी ती निघाल्यावर तासाभरात वादळ उठलं, खिडकीतून समोरची इमारत दिसेनाशी झाली, आणि तो शब्द यायच्या वेळेला आला नाही. मास्तरांनी फोन केला, लागला नाही. त्यांनी बूट घातले, कोट घातला, टोपी घातली आणि ते जिन्यात जाऊन उभे राहिले. त्यांच्याकडे गाडी नव्हती, आणि असती तरी चालवता आली नसती. त्यांना वाटलं, तिनं शिव्या द्याव्यात, तोंड बघणार नाही म्हणावं, काय वाटेल ते म्हणावं, फक्त ते म्हणायला तिनं असावं. पावणेदोन तासांनी खिशात फोन थरथरला. तोच शब्द होता. ते जिन्यातल्या पायरीवर बसले. वरच्या मजल्यावरची बाई खाली येत होती, तिनं विचारलं की मास्तर, बाहेर निघालात का या वादळात.

"नाही," ते म्हणाले. "मुलगी अजून बोलायची आहे माझ्याशी. वाट बघतोय."